‘ली’ कधी लावायचं, कधी नाही

वाचकाचं पत्र:

‘मी हडपसरला राहतो, मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत ग्राहकसेवेत काम करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता दिवसभर इंग्रजीत मेल. ‘प्लीज रिप्लाय क्विक’ असं लिहिलं तेव्हा टीमलीडने त्याचं ‘क्विकली’ करायला लावलं. तेव्हापासून क्रियापदाच्या पुढे असा शब्द आला की मी त्याला ‘ली’ जोडतो. आता माझ्या टीममधल्या एका मेहनती मुलाच्या अप्रेझलमध्ये ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिलं, तर मॅनेजर विचारतात की तुमची त्याच्याबद्दल तक्रार आहे का. ग्राहकाला ‘आय फील बॅडली अबाउट द डिले’ लिहिलं, तेही चुकलं म्हणे. शाळेत तर शिकलो होतो की क्रियापदाला ‘कसं’ विचारलं की क्रियाविशेषण मिळतं. मग चुकतंय कुठे? आणि रस्त्यावर ‘गो स्लो’ लिहिलेलं असतं, ते चूक आहे का?’

उत्तर:

आधी अप्रेझलचं बघा, कारण त्यात दुसऱ्याच्या पगारवाढीचा प्रश्न आहे. ‘हार्डली’चा ‘मेहनतीने’ या अर्थाशी आता काही संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ ‘जेमतेम’, ‘नसल्यात जमा’. तुमचं वाक्य वाचणाऱ्याला ‘ही हार्डली वर्क्स’ असंच वाटणार, म्हणजे हा मुलगा काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हाला म्हणायचं होतं ‘ही वर्क्स हार्ड’. फॉर्म अजून उघडत असेल तर आजच बदला. बंद झाला असेल तर मॅनेजर आणि एचआर दोघांना एका ओळीचा मेल टाका, की तिथे ‘ही वर्क्स हार्ड’ असं वाचावं आणि शेरा कौतुकाचा आहे. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर यात विसंबू नका. ‘हार्डली’ हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, त्याच्याखाली लाल रेघ येणार नाही.

आता चुकतंय कुठे ते. तुमच्या दोन चुका दोन वेगळ्या दिशांच्या आहेत. ‘रिप्लाय क्विक’ ही मराठी कानाची चूक, आणि ‘फील बॅडली’ ही ती पहिली चूक टाळण्याच्या नादात झालेली.

मराठीत आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते, मुलं चांगली गातात. खरं तर ‘चांगलं’ हे गाण्याबद्दल आहे, पण शब्द वळतो गाणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे. ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ हे शब्द तर जराही न बदलता दोन्हीकडे चालतात: सुंदर चित्र, सुंदर काढलंय. त्यामुळे माणसाचा गुण आणि कृतीची रीत यांच्यासाठी दोन वेगळी रूपं लागतात, याची सवयच आपल्या कानाला नाही. इंग्रजीत ती लागतात. ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्ज वेल’. ‘ही इज अ केअरफुल ड्रायव्हर’, पण ‘ही ड्राइव्ह्ज केअरफुली’. पहिल्या वाक्यात शब्द नामाला चिकटलाय, ते विशेषण. दुसऱ्यात क्रियेला चिकटलाय, ते क्रियाविशेषण. ‘शी सिंग्ज गुड’ आपल्या तोंडात सहज येतं, कारण मागे ‘ती चांगली गाते’ वाजत असतं.

इथे शाळेतला तो नियम मदतीला येतो आणि लगेच दगाही देतो. माझ्या मते विशेषण-क्रियाविशेषणाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा या ‘कसं’ विचारण्याने होतो. ‘हाउ डज शी सिंग?’ ‘वेल.’ इथवर ठीक. पण ‘हाउ डज द आमटी टेस्ट?’ याचं उत्तर ‘गुड’ असतं, ‘वेल’ नसतं. प्रश्न तोच, उत्तर मात्र विशेषण. तेव्हा ‘कसं’ विचारू नका, ‘कुणाबद्दल’ विचारा. हा शब्द वस्तू किंवा माणूस कसा आहे ते सांगतो, की काम कशा रीतीने झालं ते? ‘गुड’ आमटीबद्दल आहे. आमटी काही करत नाहीये, ती नुसती चविष्ट आहे. आता हे बघा: ‘शी टेस्टेड द आमटी केअरफुली.’ क्रियापद तेच, पण इथे एक बाई पळीतली आमटी फुंकून, जपून चाखतेय. ‘केअरफुली’ चाखण्याबद्दल आहे, म्हणून ‘ली’ हवं. ‘द आमटी टेस्टेड केअरफुली’ म्हटलं तर आमटीच काहीतरी जपून चाखत बसली असा अर्थ होईल.

अशा क्रियापदांना इंग्रजी व्याकरणात लिंकिंग व्हर्ब म्हणतात. ती कृती सांगत नाहीत, कर्त्याला त्याच्या गुणाशी किंवा अवस्थेशी जोडतात. पंचेंद्रियांची पाच आधी लक्षात ठेवा: लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील. त्यांच्या जोडीला बी, सीम, अपिअर, बिकम, रिमेन, स्टे, आणि ‘होणे’ या अर्थी येणारी गेट, गो, टर्न, ग्रो. ‘द मिल्क वेंट सावर’ म्हणजे दूध नासलं. ‘द सिग्नल टर्न्ड रेड.’ ‘प्लीज स्टे काम.’ यातल्या कुठल्याच वाक्यात ‘ली’ नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. क्रियापद काढून तिथे ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवून पाहा. ‘द मिल्क स्मेल्स बॅड’, ‘द मिल्क इज बॅड’: वाक्य उभं राहतं, म्हणजे विशेषण हवं. ‘शी लुक्ड ॲट द बिल अँग्रिली’मध्ये ‘वॉज’ ठेवलं तर वाक्य मोडतं, कारण इथे ‘लुक’ म्हणजे दिसणं नाही, पाहणं आहे. ते काम आहे, म्हणून ‘अँग्रिली’. आणि नुसतं ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसत होती.

‘फील बॅडली’चा घोळ आता सुटेल. ‘आय फील बॅड’ म्हणजे मला वाईट वाटतंय, ‘बॅड’ तुमच्या मनाच्या अवस्थेबद्दल. ‘आय फील बॅडली’चा शब्दशः अर्थ, मला जाणवण्याची क्रियाच नीट होत नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारी काही माणसंही ‘फील बॅडली’ म्हणतात, ते तुमच्या कानावर येईल. पण लेखी कामात ‘बॅड’च ठेवा. खरं तर ग्राहकाला उशिराबद्दल लिहिताना दोन्ही टाळून ‘वी आर एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द डिले’ लिहा. यात ‘सॉरी’ हे विशेषण, ‘आर’ला जोडून आलेलं. ‘एक्स्ट्रीमली’ हे क्रियाविशेषण, आणि ते क्रियापदाला नाही, ‘सॉरी’ला चिकटलंय.

हे दुसरं काम आपल्याकडे फार विसरलं जातं. नाव क्रियाविशेषण असलं तरी ते विशेषणालाही चिकटतं, दुसऱ्या क्रियाविशेषणालाही, कधी अख्ख्या वाक्यालाही. पुण्यातल्या ऑफिसांत ‘ही इज टेक्निकल स्ट्राँग’, ‘धिस इज टोटल डिफरंट’ असं सर्रास बोललं जातं. ‘टेक्निकली स्ट्राँग’ आणि ‘टोटली डिफरंट’ हवं, कारण पहिला शब्द दुसऱ्याबद्दल सांगतोय: कशात पक्का, किती वेगळा. कधी एका ‘ली’ने वस्तूच बदलते. जुन्या बाजारात नाणी विकणारा ‘अ रिअल ओल्ड कॉइन’ म्हणाला तर नाणं अस्सल आहे आणि जुनं आहे. ‘अ रिअली ओल्ड कॉइन’ म्हणाला तर ते खूप जुनं आहे, अस्सल असल्याची हमी त्याने दिलेली नाही. अमेरिकन बोलीत मात्र ‘रिअल गुड’ हे ‘रिअली गुड’ या अर्थी ऐकू येतं. ते बोलण्यापुरतं. तुमच्या मेलमध्ये नको.

‘वेल’ या शब्दाची एक अडचण सांगून टाकतो. तो ‘गुड’चं क्रियाविशेषण आहेच, शिवाय तब्येतीच्या बाबतीत स्वतःच विशेषण होतो. ‘आय ॲम वेल’ म्हणजे माझी प्रकृती ठीक आहे. ‘हाउ आर यू?’ला ‘आय ॲम गुड’ म्हणणं गप्पांत आता रुळलंय, ग्राहकाशी बोलताना ‘आय ॲम वेल, थँक यू’ जास्त शोभतं.

क्रियापदाच्या जवळ असूनही ‘ली’ नको असतं अशी आणखी एक जागा आहे, आणि तुमच्या कामात ती रोज येत असणार. ‘प्लीज कीप युअर डॉक्युमेंट्स रेडी.’ ‘रेडी’ हे ठेवण्याच्या रीतीबद्दल नाही, कागदपत्रांबद्दल आहे. ‘रेडिली’ लिहिलंत तर अर्थ ‘तत्परतेने, आढेवेढे न घेता’ असा भलतीकडेच जाईल. ‘पेंट द डोअर ग्रीन’: रंगवून झाल्यावर दार हिरवं होणार. ‘ही केम होम टायर्ड’: येण्याची रीत दमलेली नव्हती, माणूस दमला होता. घरी पोचल्यावर ‘रीच्ड होम सेफ’ आणि ‘रीच्ड होम सेफली’ ही दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात माणूस सुखरूप आहे, दुसऱ्यात प्रवास सुखरूप झाला.

आता ‘हार्ड’ आणि ‘गो स्लो’ एकत्र घेऊ, कारण दोघांचं मूळ एकच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी ‘ए’चा उच्चार जोडून क्रियाविशेषण करत. शतकं गेली तसा तो शेवटचा उच्चार झिजून नाहीसा झाला आणि दोन्ही रूपं दिसायला सारखी झाली. ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे त्यातलेच. ‘अ फास्ट बोलर’ आणि ‘ही बोल्स फास्ट’, दोन्हीकडे ‘फास्ट’च. ‘फास्टली’ असा शब्द आजच्या प्रमाण इंग्रजीत नाही, कितीही तोंडात आला तरी लिहू नका. ‘लेट’, ‘अर्ली’, ‘स्ट्रेट’, ‘हाय’, ‘लो’, ‘नियर’ हेही दोन्ही कामं न बदलता करतात. ‘स्लो’सुद्धा असाच दोन्हीकडे चालत आलाय. म्हणून रस्त्यावरची ‘गो स्लो’ ही पाटी बरोबर आहे, शब्दकोश तिथे ‘स्लो’ला क्रियाविशेषण मानतात. पण त्याचा वावर ‘गो’, ‘ड्राइव्ह’ अशा थोड्या क्रियापदांपुरता आणि सूचनेच्या तोऱ्यात. ‘द सर्व्हर इज रिस्पाँडिंग स्लोली’ असंच लिहायचं. ‘क्विक’लाही बोलण्यात अशी सूट मिळते, ‘कम क्विक!’ ऐकाल. तरी ग्राहकाच्या मेलमध्ये तुमच्या टीमलीडचं ‘क्विकली’च योग्य.

धोका पुढे आहे. यातल्या कित्येक शब्दांना ‘ली’ लावलं की नवा शब्द तयार होतो, पण अर्थ वेगळा घेऊन. ‘ही केम लेट’ म्हणजे उशिरा आला, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘पीएमपीची बस लेटली आली’ या अर्थाचं वाक्य इंग्रजीत होतच नाही. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली ५०० रुपीज’ म्हणजे जवळजवळ पाचशे. ‘हाय’ उंचीसाठी, ‘हायली’ फक्त प्रमाणासाठी: पतंग ‘हाय’ उडतो, उमेदवार ‘हायली क्वालिफाइड’ असतो. ‘शॉर्टली’ म्हणजे थोडक्यात नव्हे, थोड्याच वेळात. ‘अवर टीम विल कॉल यू शॉर्टली’ लिहिलंत तर ग्राहक फोन हातात घेऊन बसेल. ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी, कौतुक म्हणून वापराल तर समोरचा हिरमुसेल. आणि ग्राहकसेवेतला सगळ्यात महागडा शब्द ‘फ्रीली’. ‘वी विल रिपेअर इट फ्रीली’ याचा अर्थ ‘मोकळेपणाने दुरुस्त करू’ असा काहीतरी होतो. विनाशुल्क म्हणायचं असेल तर ‘फ्री’ किंवा ‘फ्री ऑफ चार्ज’.

उलट बाजूने, शेवटी ‘ली’ असूनही विशेषण असणारे शब्द आहेत. ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’, ‘लव्हली’, ‘काउअर्डली’. यांची खूण अशी, की ‘ली’ काढल्यावर खाली नाम उरतं: फ्रेंड, कॉस्ट, लव्ह, काउअर्ड. नामाला ‘ली’ लागलं की बहुधा विशेषण होतं, विशेषणाला लागलं की क्रियाविशेषण. याचं कारणही जुनंच आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय ‘लिच’ होता आणि क्रियाविशेषणाचा ‘लिचे’. झिजता झिजता दोन्हींचं ‘ली’ झालं. नियम अगदी शंभर टक्के नाही. ‘लोनली’, ‘एल्डर्ली’, ‘डेडली’ यांत खाली विशेषण आहे आणि तयार झालेला शब्दही विशेषणच आहे. पण बहुतेक वेळा उपयोगी पडतो. म्हणून ‘द एजंट स्पोक टू मी फ्रेंडली’ चालत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं. ‘डेली’, ‘वीकली’, ‘मंथली’ हे मात्र दोन्हीकडे चालतात: ‘अ वीकली रिपोर्ट’, ‘वी मीट वीकली’. ‘रोज’साठी ‘एव्हरी डे’ लिहिताना दोन शब्द सुटे ठेवा. जोडून लिहिलेला ‘एव्हरीडे’ हे विशेषण आहे, अर्थ ‘नेहमीचा, रोजच्या वापराचा’. कपड्यांच्या दुकानातल्या ‘एव्हरीडे वेअर’मध्ये तो जोडलेला बरोबर, ‘वी अपडेट द ट्रॅकर एव्हरी डे’मध्ये सुटा.

जागेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे क्रियाविशेषण घुसवू नका. ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ हे कानाला टोचतं. ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’ म्हणा, नाहीतर शब्दच बदलून ‘शी स्पीक्स फ्लुएंट इंग्लिश’. दुसऱ्या वाक्यात ‘फ्लुएंट’ नामाच्या आधी बसून विशेषण झालं. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’च्या नंतर: ‘वी ऑलवेज रिप्लाय’, ‘वी आर ऑलवेज अव्हेलेबल’.

स्पेलिंगमध्ये तीन ठिकाणी हात अडखळतो. शब्दाच्या शेवटी ‘फुल’ असेल तर ‘केअरफुली’सारख्या शब्दात एल दोन येतात, एक मूळचा आणि एक ‘ली’चा. शेवटी व्यंजनानंतर वाय असेल तर त्याचा आय होतो, जसं ‘हॅपिली’. आणि शेवटी आयसी असेल तर मधे ए-एल घालावं लागतं, जसं ‘बेसिकली’. उच्चारात तो ए-एल ऐकू येत नाही म्हणून राहून जातो. ‘पब्लिकली’ हा अपवाद, त्यात ए-एल नाही. हायफन, म्हणजे शब्द जोडणारी छोटी रेघ, ‘ली’वाल्या क्रियाविशेषणानंतर देत नाहीत: ‘न्यूली बिल्ट फ्लॅट’ रेघेशिवाय, पण ‘वेल-नोन ब्रँड’ रेघेसह.

मेल पाठवण्याआधी दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत कंट्रोल आणि एफ दाबून ‘एल-वाय’ शोधा. सापडलेल्या प्रत्येक शब्दाच्या मागे इज, आर, फील, लुक, साउंड, सीम, स्टे यांपैकी काही आहे का ते पाहा. असेल आणि पुढे विशेषण किंवा दुसरं क्रियापद नसेल, तर ‘ली’ बहुधा जादा आहे. ‘द रिझल्ट लुक्स करेक्टली’मधलं जाईल, ‘द फाइल इज करेक्टली नेम्ड’मधलं राहील. दुसऱ्या फेरीत उलटं करा. सेंड, चेक, रिप्लाय, वर्क, एक्स्प्लेन अशी कामाची क्रियापदं शोधा आणि त्यांच्या वाक्याच्या शेवटी उघडं विशेषण लटकतंय का बघा: ‘प्लीज चेक इट प्रॉपर’, ‘ही एक्स्प्लेन्ड क्लिअर’. तिथे ‘प्रॉपर्ली’, ‘क्लिअरली’ करा. हार्ड, लेट, नियर, हाय, शॉर्ट, फ्री यांच्यापैकी कुणाला ‘ली’ लावायचा मोह झाला तर हात थांबवून शब्दकोश उघडा. तिथे ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब अशा दोन्ही खुणा एकाच शब्दापुढे दिसल्या तर तो ‘ली’शिवाय दोन्ही कामं करतो. ‘ली’वालं रूप स्वतंत्र नोंद म्हणून, वेगळ्या अर्थासकट दिलेलं असेल, तर ते अर्थ वाचून मगच वापरा.